कुत्र्याच्या तोंडातून सुटलेली कोंबडी: पहिले तीन दिवस

ताई, तुमचं म्हणणं मी पुन्हा एकदा मांडतो, म्हणजे माझ्याकडून काही सुटलं असेल तर कळेल. काल तिन्हीसांजेला शेजारच्या कुत्र्याने तुमच्या गावठी कोंबडीला अंगणातून पाठीवर धरून नेलं. मुलाने धावत जाऊन सोडवलं. पाठीची कातडी तळहाताएवढी फाटून लोंबते आहे. रक्त थांबलंय. घरात होतं म्हणून हळद आणि चुना लावलाय. ती पडवीच्या कोपऱ्यात डोळे मिटून बसलीय, दाण्याला तोंड लावत नाही आणि डावा पाय नीट टेकत नाही. तालुक्याचा दवाखाना लांब, त्यात पावसाने रस्ता वाईट. सासूबाई म्हणतात कापून मोकळे व्हा, मुलगा रडतोय. आणि शेवटी तुम्ही विचारलंत की जखमेला नेमकं काय लावू.

कोंबडीकडे वळण्याआधी मुलाचे हात पाहा. कुत्र्याच्या तोंडातून सोडवताना दात लागला असेल, साधा ओरखडा असेल किंवा आधीच्या चिरेवर लाळ लागली असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि आजच त्याला सरकारी रुग्णालयात न्या. काल धुतलं असलं तरी न्या. रेबीजची लस तिथे मिळते. कुत्रा शेजारचा आहे, ओळखीचा आहे, म्हणून थांबू नका. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार आहे, त्यामुळे कोंबडीकडून तुम्हाला धोका नाही. पण तिच्या पिसांवर कुत्र्याची लाळ असते. तिला हाताळताना हातमोजे नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, नंतर हात साबणाने धुवा.

आता कोंबडी. मी पदवीधर पशुवैद्य नाही. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांत पशुधन पर्यवेक्षक म्हणून सत्तावीस वर्षं काढली, आधी शाहूवाडीकडे आणि नंतर संगमेश्वर तालुक्यात. आता घरी चाळीसएक कोंबड्या आहेत. कुत्र्या-मुंगसाने धरलेल्या कोंबड्या इतक्या पाहिल्यात की एक गोष्ट खात्रीने सांगतो: तुम्हाला दिसते ती मोठी जखम बहुतेक वेळा कोंबडीला मारत नाही. पहिल्या रात्री ती मरते ती बसलेल्या धक्क्याने आणि अंगातली ऊब गेल्याने. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरते ती पिसांखाली कुणाला न दिसलेल्या दाताच्या भोकांमुळे. म्हणून ‘काय लावू’ हा तुमचा प्रश्न मी जरा मागे ठेवतो. त्याच्या आधीची कामं जास्त महत्त्वाची आहेत.

कोंबडीची कातडी कागदासारखी पातळ आणि खालच्या मांसाला सैल चिकटलेली असते. कुत्र्याने धरून ओढलं की पाठीची कातडी सालीसारखी निघते आणि खालचं लालभडक मांस उघडं पडतं. बघवत नाही, पण ते मांस शाबूत असेल तर हे दिसतं तेवढं वाईट नसतं. मुंगसाने डोक्यापासून मानेपर्यंत सोललेली एक तलंग मी पाहिली आहे. दीड महिन्यात तिची मान भरून आली आणि पुढच्या उन्हाळ्यात तिने पिल्लं काढली. रक्ताचंही तसंच आहे. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात शंभर मिलीच्या आसपास रक्त असतं. त्यातलं दोन-तीन चमचे गेलं तरी ती सावरू शकते. तुमच्याकडे रक्त थांबलंय, म्हणजे तो टप्पा तिने पार केला. (पुन्हा सुरू झालं तर स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर धरा आणि पाच मिनिटं न उचलता दाबून ठेवा. दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघून येते.)

डोळे मिटून, पिसं फुलवून कोपऱ्यात बसणं हे धक्क्याचं लक्षण आहे. तिचे पाय हाताने पाहा. गार लागत असतील आणि तुरा फिका पडला असेल, तर आत्ता तिला औषधापेक्षा ऊब, अंधार आणि शांतता हवी आहे. कोंबडीच्या अंगाचं तापमान एकेचाळीस अंशांच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा चार अंशांनी जास्त. पाठीवरची पिसं आणि कातडी गेली म्हणजे तिचं पांघरूणच गेलं. पावसाळी हवेत ते तापमान टिकवण्यातच तिची सगळी ताकद खर्च होते.

किराणा दुकानातून एक मोठा पुठ्ठ्याचा खोका आणा, नाहीतर डालगं घ्या. तळाला जुन्या सुती साडीची जाड घडी घाला. नुसता कागद घातला तर दुखरा पाय घसरतो, आणि भाताचा तूस किंवा भुसा घातला तर तो ओल्या मांसाला चिकटतो. खोक्याच्या एका बाजूला, तिच्यापासून हात-दीड हात अंतरावर जुन्या पद्धतीचा पिवळा साठ वॅटचा बल्ब लावा. हल्लीच्या एलईडी दिव्याला ऊब नसते. लोक तो लावतात आणि कोंबडी गारच राहते. बल्ब कापडाला किंवा पुठ्ठ्याला टेकू देऊ नका. बल्ब नसेल किंवा वीज जात असेल, तर बाटलीत गरम पाणी भरून ती टॉवेलमध्ये गुंडाळून एका कडेला ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी पाणी बदला. अर्धा खोका उबदार, अर्धा साधा राहू द्या, म्हणजे जास्त झालं तर ती स्वतः सरकेल. चोच उघडून धापा टाकू लागली तर ऊब कमी करा. हेच मे महिन्यात घडलं असतं तर मी बल्ब लावू नका म्हणालो असतो. वरून पातळ कापड टाका, खोका माणसांच्या वर्दळीपासून लांब ठेवा. मुलाला समजावून सांगा की तिला सारखं उचलून बघणं, कुरवाळणं तिला सोसणार नाही. आपल्याला ती माया वाटते, तिला मात्र पुन्हा कुणीतरी पकडल्यासारखं वाटतं.

उचलायची वेळ येईल तेव्हा बाजारात नेतात तसं पाय धरून उलटं लटकवू नका आणि पाठीवर उताणं झोपवू नका. छातीवर दाब तर मुळीच नको. आपल्या पोटात असतो तसा श्वासाचा पडदा कोंबडीला नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हा तिचा श्वास चालतो. घाबरून कुणी घट्ट आवळून धरलं की ती तोंड उघडून गुदमरते आणि आपल्याला वाटतं जखमेनेच गेली. टॉवेल पंखांवरून सैल गुंडाळा, एक हात पोटाखाली घ्या, पाय बोटांमध्ये धरा, बस.

पाणी. इथे माझ्या हातून घडलेलं सांगतो, कारण तेच तुमच्याकडून होऊ नये. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका म्हातारीची कुत्र्याने धरलेली कोंबडी माझ्याकडे आली. गळून गेली होती म्हणून मी चोच उघडून चमचाभर ग्लुकोजचं पाणी तोंडात ओतलं. कोंबडीची श्वासनळी जिभेच्या अगदी मागे, उघडीच असते. पाणी सरळ फुफ्फुसात गेलं आणि मिनिटाभरात ती माझ्या हातात मेली. जखम तिची बरी होण्यासारखी होती. त्या दिवसापासून मी कुठल्याही अशक्त पक्ष्याच्या तोंडात पाणी ओतलेलं नाही. थेंब बोटावर घ्या आणि चोचीच्या कडेला लावा. ती जीभ हलवून गिळेल, मग पुढचा थेंब. गिळत नसेल तर थांबा, आधी ऊब द्या, तासाभराने पुन्हा पाहा. शुद्धीवर आली की उथळ वाटीत पाणी समोर ठेवा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हेच आपण जुलाब झालेल्या मुलाला देतो, तेच तिलाही पहिल्या दिवशी चालतं. दुसऱ्या दिवसापासून साधं पाणी.

एक-दोन तास उबेत गेले, डोळे उघडे राहू लागले, की मग जखमेला हात लावा. आधी तो चुना काढायचा आहे. मुरगळलेल्या पायावर हळद-चुना लावायची आपली सवय आहे आणि तिथे कातडी शाबूत असते म्हणून तो सोसतो. उघड्या मांसाला चुना भाजतो. हळदीबद्दल माझं म्हणणं इतकं कडक नाही. खरचटल्यावर, तुऱ्याच्या टोकाला चिमूटभर हळद मीही लावली आहे. पण चाव्याच्या जखमेवर तिचा जाड थर बसला की वरून सगळं वाळल्यासारखं दिसतं, खाली घाण कोंडते आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. दोन्ही धुऊन काढा.

धुवायला अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या आणि त्यात चहाचा एक सपाट चमचा, त्याहून किंचित कमी, मीठ विरघळवा. इतक्या खारट पाण्याने मांस झोंबत नाही. औषधाच्या दुकानातून वीस मिलीची सिरिंज आणा, सुई नको. पाण्याची हलकी धार जखमेवर सोडत राहा. कापसाने घासू नका, त्याचे धागे चिकटतात. एकदा धुऊन भागणार नाही. सगळं अर्धा लिटर वापरा, लागलं तर आणखी करा. धुताना खालून पातेलं धरा आणि बाकीचं अंग भिजू देऊ नका. जखमेच्या कडेची पिसं कात्रीने कापा. उपटू नका, पिसाबरोबर कातडी येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. कुत्र्याचा जबडा वरून-खालून बंद होतो. पाठीवर तुम्हाला वरच्या दातांचं काम दिसतंय. खालचे दात कुठे रुतले? पंखाखाली, बरगडीवर, पोटाच्या बाजूला, मांडीच्या आत शोधा. पिसं फुंकून दुभागा आणि बोटाने चाचपा. रक्ताने चिकटलेला पिसांचा झुपका दिसला की त्याखाली बहुधा भोक असतं. शाहूवाडीला एकाने आणलेल्या कोंबडीची पाठीची जखम आम्ही सुरेख स्वच्छ केली होती. ती दुसऱ्या दिवशी दाणे टिपत होती आणि चौथ्या दिवशी मेली. उघडून पाहिलं तर डाव्या पंखाखाली मोहरीएवढी तीन भोकं होती, आत बरगडीपर्यंत सडलं होतं. तेव्हापासून मी आधी उलट बाजू बघतो. अशी भोकं सापडली तर सिरिंजचं तोंड भोकाजवळ नेऊन धार सोडा, आत खुपसू नका. बरगडीवरचं भोक असेल आणि श्वासाबरोबर त्यातून हवेचे बुडबुडे येत असतील, तर तिथे पाणी अजिबात सोडू नका. तिथे श्वासाची पिशवी फुटलेली असते. छोट्या मांजरीने धरलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं, किंबहुना जास्त काळजीने, कारण मांजराचे दात सुईसारखे असतात आणि तिच्या तोंडातले जंतू पक्ष्यांना फार घातक ठरतात.

चाचपताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. कातडीखाली हवा भरून फुगा आला असेल आणि दाबल्यावर करकर वाजत असेल, तरीही श्वासाची पिशवी फुटली असं समजा. थोडी हवा असेल तर बऱ्याचदा आपोआप जिरते, सारखी भरत असेल तर डॉक्टर हवेतच. आणि गळ्याखाली, जिथे दाणे साठतात ती पिशवी पाहा. पाणी प्यायल्यावर छातीवरून ओघळ येत असेल तर ती पिशवी फाटली आहे. ते घरी होण्यासारखं नाही, टाके लागतात.

लोंबणाऱ्या कातडीचं काय? ती कापून टाकू नका. धुऊन झाल्यावर हलक्या हाताने मूळ जागी पसरा; जिवंत असेल तर तीच सगळ्यात चांगली पट्टी. शिवणाच्या दोऱ्याने टाके घालू नका, झटपट चिकटवणारा गोंद तर नकोच. चाव्याची जखम घाईने बंद केली की घाण आत शिवली जाते. बारा तासांनंतर डॉक्टरसुद्धा कदाचित ती उघडीच ठेवतील किंवा दोन टाक्यांनी सैल धरतील. काळी, वाळकी पडलेली कड पुढे तेच काढतील.

आणि हो, आता तुमचा प्रश्न. पोव्हिडोन आयोडिनचं द्रावण पाण्यात फिक्या चहासारखं होईपर्यंत पातळ करा आणि शेवटची धुवण त्याने करा. नीट निथळू द्या. मग भाजल्यावर लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम अगदी पातळ थराने लावा. जाड थर पिसांना लागतो आणि ती चिकट पिसं मग तिला ऊब देत नाहीत. दिवसातून दोनदा एवढं पुरे. रॉकेल, राख, चुना, गाडीचं काळं तेल, न पातळ केलेलं जंतुनाशक, स्पिरिट यांतलं काही नको. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर फेस येतो म्हणून जखम साफ झाल्यासारखी वाटते, पण तो नवं येणारं मांसही खातो. बधिर करणारी मलमं लावू नका, पक्ष्यांना त्यांचा डोस सहज जास्त होतो. मधाने जखम भरते हे खरं आहे, मी वापरलाही आहे, पण कौलारू घरात तासाभरात मुंग्या लागतात. तुरटीची पूड फक्त तुटलेल्या नखाला किंवा चोचीच्या टोकाला लावा, उघड्या मांसात नको.

श्रावणात माझी खरी भीती माशांची असते. जखमेच्या वासाला निळी-हिरवी माशी येते आणि रव्यासारखे पांढरे दाणे चिकटवून जाते. एका दिवसात त्यांच्या अळ्या होतात. म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचं कापड बांधा आणि जखम रोज सकाळ-संध्याकाळ उजेडात बघा, शेपटीखालची जागाही. अंडी दिसली तर बारीक फणीने किंवा चिमट्याने काढा. अळ्या पडल्याच तर कोमट मिठाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन एकेक चिमट्याने काढाव्या लागतात. गुरांच्या जखमेत आपण टर्पेंटाइनचा बोळा ठेवतो, तो कोंबडीला ठेवू नका. एवढ्याशा अंगाला ते सोसत नाही.

वेदनेची गोळी द्यावीशी वाटेल. घरात असलेली माणसांची गोळी देऊ नका. डायक्लोफेनॅक तर अजिबात नाही. आपल्याकडची गिधाडं का नाहीशी झाली आठवतं? डायक्लोफेनॅक टोचलेली गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून २००६ मध्ये आपल्या देशात जनावरांसाठी ते औषध बंद करावं लागलं. पक्ष्यांना चालणारं वेदनाशामक आहे, पण ते वजनावर, डॉक्टरांच्या हातून. प्रतिजैविकाचंही तसंच. चाव्याच्या जखमेला ते बहुतेक वेळा लागतं आणि लवकर लागतं, पण घरातल्या उरलेल्या कॅप्सूलची अर्धी पूड म्हणजे उपचार नाही. आणि औषध सुरू झालं की तिची अंडी किती दिवस खायची नाहीत हे डॉक्टरांना आठवणीने विचारा.

दवाखाना लांब आहे हे मला कळतं. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी तो आहे. कोंबडीसाठी कोण येणार म्हणून संकोच करू नका. गाडी त्या दिवशी तुमच्या बाजूला असेल की नाही हे मात्र दिवसावर आहे. शिवाय गावच्या पशुधन पर्यवेक्षकाला गाठा. त्यांना एवढं सांगा: कधी धरलं, कोणत्या प्राण्याने, अंदाजे वजन, भोकं किती आणि कुठे, पाणी पिते का, विष्ठेचा रंग. जखमेचा फोटो धुतल्यानंतरचा पाठवा, हळद लावलेला नाही.

पायाचं मी न बघता ठामपणे सांगू शकत नाही. कुत्र्याने पाठीवर धरलं असताना पाय न टेकणं म्हणजे नुसता मुका मार असू शकतो, मांडीचं हाड मोडलेलं असू शकतं किंवा कंबरेत कण्याला मार असू शकतो. दोन्ही पाय हळूच चाचपून तुलना करा: एकाच ठिकाणी सूज, हाड हलणं, पाय भलत्याच दिशेला वळणं. बोट हलकं चिमटून पाहा, पाय आखडला तर बरं लक्षण आहे. खालची, खवल्यांची नळी मोडली असेल तर आइसक्रीमच्या दोन काड्या कापसाचा पातळ थर देऊन दोन्ही बाजूंनी ठेवा आणि कागदी चिकटपट्टीने बांधा. बोटं सुजली किंवा गार पडली तर लगेच सैल करा. कोंबडीचं हाड लवकर सांधतं, तीन आठवड्यांत बहुतेक वेळा काम होतं. मांडीला मात्र काड्या बांधू नका. ती बांधता येत नाही, उलट वजनाने हाड जास्त सरकतं. तिथे लहान खोक्यातली विश्रांती आणि डॉक्टर. (जखम कुठेच नसताना कोंबडी अचानक लंगडू लागली, एक पाय पुढे एक मागे पसरला किंवा मान वळली, तर ती दुखापत समजू नका. मानमोडी किंवा मॅरेक्ससारखा आजार असू शकतो आणि मग बाकीच्या कोंबड्यांचा विचार आधी करावा लागतो.)

म्हणजे आजच्यापुरतं: मुलाचे हात, मग ऊब आणि अंधार, चोचीच्या कडेला थेंब थेंब पाणी, चुना धुणं, दाताची भोकं शोधणं, माशी न बसू देणं आणि डॉक्टरांना फोन. आज तिने खाल्लं नाही तरी घाबरू नका.

उद्यापासून खाणं बघा. कुस्करलेलं उकडलेलं अंडं, दुधाऐवजी पाण्यात भिजवलेली भाकरी, ओल्या कण्या, असं मऊ काहीतरी थोडं थोडं चार वेळा ठेवा. दुसरी शांत कोंबडी जाळीपलीकडे खाताना दिसली तर ही पण टिपू लागते, हा माझा कितीदा तरी अनुभव आहे. विष्ठा रोज पाहा. तपकिरी आणि वर पांढरा ठिपका असेल तर छान. पातळ हिरवी म्हणजे पोट रिकामं आहे. दिवसभर काहीच नाही, किंवा रक्त, तर डॉक्टर. छातीच्या मधल्या हाडावरून रोज बोट फिरवा. ते सुरीसारखं धारदार लागू लागलं तर ती खाते असं वाटूनही पुरेसं पोटात जात नाहीये.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेभोवतीची कातडी हिरवी पडेल. त्या हिरव्या रंगाला घाबरून लोक कोंबड्या कापतात, म्हणून मुद्दाम सांगतो. माणसाला मुका मार लागला की जागा आधी काळी-निळी होते. पक्ष्यांमध्ये ती हिरवी होते, कारण साकळलेलं रक्त त्यांच्या अंगात हिरव्या रंगापाशीच थांबतं. ते सडणं नव्हे. सडलं आहे का ते नाकाने ओळखा: काळं, ओलं आणि दुर्गंधी. आणि पू वाहण्याची वाट पाहू नका. कोंबडीचा पू पातळ होत नाही, पनीरच्या भुग्यासारखा घट्ट गोळा होतो. जखमेखाली कडक गाठ लागली तर तो असू शकतो आणि तो आपोआप वाहून जाणार नाही. गुलाबी, दाणेदार, ओलसर मांस वर येताना दिसलं की जखम भरू लागली. अंडी काही आठवडे बंद राहतील, ते ठीक आहे. धरलं तेव्हा पोटात अंडं तयार असेल आणि ते आत फुटलं असेल तर मात्र पोट फुगतं आणि ती उभी, ताठ चालू लागते. तसं दिसलं तर थांबू नका.

सासूबाईंचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. त्यांनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या असतील आणि तडफडत ठेवण्यापेक्षा सोडवणं बरं, हे त्यांनी पाहिलेलं असेल. मीही काही वेळा तेच सांगतो. आतडी बाहेर आली असतील, दोन्ही पाय निर्जीव असतील आणि चिमटूनही हालत नसतील, किंवा ऊब दिल्यावरही चोच उघडून प्रत्येक श्वास ओढत असेल, तर तिला ठेवणं ही तिच्यावर दया नाही. डॉक्टर आले तर त्यांच्या हातून, नाहीतर सासूबाईंसारख्या सराईत हाताने, एका झटक्यात. चावल्यानंतर असा वेळ गेलेल्या, मलमं लावलेल्या कोंबडीचं मांस मात्र खाऊ नका, पुरा. पण तुम्ही सांगितलेल्यात यातलं काहीच नाही. रक्त थांबलंय, ती बसलीय, एकच पाय दुखतोय. अशा कोंबडीला मी तीन दिवस देतो. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून दाणा टिपत असेल तर माझ्या अनुभवात बहुतेक जगतात. त्या संध्याकाळपर्यंत काहीच खाल्लं नाही आणि मान टाकली, तर निर्णय घ्या. सासूबाईंना हे तीन दिवस मागून घ्या, त्या नाही म्हणणार नाहीत असं वाटतं.

बरी झाल्यावर लगेच खुराड्यात सोडू नका. लाल जागा दिसली की बाकीच्या कोंबड्या टोचतात, आणि एकदा रक्ताची चव लागली की थांबत नाहीत. कातडी पूर्ण मिटून कोरडी होईपर्यंत तिला डालग्याखाली, पण इतरांना दिसेल अशी ठेवा, म्हणजे त्या तिला विसरत नाहीत. परत सोडायची ती दिवस मावळताना, सगळ्या बसल्यावर. आणि तुमच्याकडे कोंबडा असेल तर पाठीवर पिसं येईपर्यंत त्याला तिच्यापासून वेगळा ठेवा. तो चढताना त्याच्या नख्या नेमक्या त्याच जागी रुततात. पाच आठवड्यांची मेहनत एका सकाळी फाटलेली मी पाहिली आहे.

आत्ता तिला उबेला ठेवा. दुपारपर्यंत दोन गोष्टी पाहून मला कळवा: डावा पाय चिमटल्यावर आखडते का, आणि पंखांखाली भोकं सापडली का. पुढचं त्यावर ठरवू.